नेचे, हंसराज आणि आमचे भाऊजी

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. गुडघ्याचं दुखणं, मग नातवाची परीक्षा, मग पाहुणे... कारणं हवी तेवढी सापडतात. पण परवाच्या रविवारी जे झालं त्यानंतर गप्प बसवेना. रात्री झोप लागली नाही, म्हणून आज जरा रागावूनच लिहिते आहे. नातेवाईक मंडळींपैकी कुणाला वाचताना ‘हे आपल्याबद्दल आहे की काय?’ असं वाटलं, तर ते तुमच्याबद्दलच आहे असं खुशाल समजावं.

तर झालं असं. आमचे धाकटे दीर सहकुटुंब आंबोलीला जाऊन आले. परतीच्या वाटेवर आमच्याकडे थांबले. चहा-पोहे झाले, धबधब्याचे फोटो बघून झाले, आणि मग भाऊजी खाली जाऊन गाडीच्या डिकीतून एक गोणपाट घेऊन आले. “वहिनी, तुमच्यासाठी खास आणलंय. तुम्हाला फर्नची आवड ना!”

गोणपाटात बाशिंग होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाशिंग म्हणजे झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर वाढणारा एक नेचा. त्याला दोन तऱ्हेची पानं असतात. लांब, हिरवी, कातरलेली पानं वर पसरतात, आणि बुडाशी छोटी, तपकिरी, वाळक्या दिसणाऱ्या पानांची झालर खोडाला बिलगून बसते. नवरदेवाच्या कपाळावरच्या बाशिंगासारखी, म्हणून हे नाव. भाऊजींनी आणलेल्या बाशिंगाच्या लव असलेल्या जाड खोडाला आंब्याची की जांभळाची, झाडाची साल अजून चिकटलेली होती. म्हणजे ओरबाडून काढलेलं. त्याचे कोयत्याने तीन तुकडे केले होते. एक त्यांना, एक त्यांच्या लेकीला, एक मला. आणि बुडाची ती तपकिरी झालर? ती त्यांनी वाटेतच उपटून फेकून दिली होती. “वाळकी पानं काढून स्वच्छ करून आणलंय बरं का!”

मंडळी, त्या ‘वाळक्या’ पानांतच त्या बिचाऱ्याची भाकरी असते. वरून पडलेला पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, धूळ हे सगळं त्या झालरीत अडकतं, कुजतं आणि त्याचं खत होतं. ज्याला माती मिळत नाही त्याने स्वतःची माती करायची सोय केलेली आहे. ती पानं तपकिरीच असतात, तपकिरीच असायला हवीत. म्हणजे पाहुण्याला घरी आणताना त्याचं ताट वाटेत फेकून दिलं, असा हा प्रकार.

मी त्या वेळी काही बोलले नाही. भाऊजी सत्तरीला आले, प्रेमाने आणलेली वस्तू, जाऊबाई समोर बसलेल्या. “छान आहे हो,” म्हणाले आणि गोणपाट गॅलरीत ठेवलं. हे माझं चुकलंच. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आता कुणी म्हणेल, या बाई मराठीच्या, यांना काय कळतं वनस्पतीशास्त्रातलं? खरं आहे. मी बी.ए. मराठीची. पण आमच्या शाळेत शास्त्राच्या बाई रजेवर गेल्या की तो तास हटकून माझ्याकडे यायचा. अपुष्प वनस्पतींचा धडा असाच माझ्या गळ्यात पडला. शेवाळ, नेचे, बीजाणू... मला एक अक्षर कळेना. मुलांसमोर फजिती नको म्हणून आदल्या रात्री वाचायला बसले, आणि जे वाचलं त्याने मी थक्क झाले. फूल नाही, फळ नाही, बी नाही, आणि तरी पस्तीस कोटींहून जास्त वर्षं हे घराणं पृथ्वीवर नांदतं आहे! डायनासोर नंतर आले आणि आधी गेले. तेव्हापासून नेच्यांनी जे पकडलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

असो. मूळ मुद्दा पुढे. पण त्याआधी दुसरा एक राग मोकळा करून घेते, म्हणजे मन स्वच्छ होईल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मुलाच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. हल्ली परतभेट म्हणून झाड द्यायची पद्धत पडली आहे. कल्पना चांगलीच आहे, स्टीलच्या वाट्यांपेक्षा शंभर पटींनी चांगली. प्रत्येकाला चिनी मातीच्या पांढऱ्या शुभ्र कुंडीत बॉस्टन फर्नचं एकेक रोप मिळालं. कुंडीला एक चिठ्ठी होती: हवा शुद्ध करणारं झाड, देखभाल अगदी कमी. घरी येऊन कुंडी उपडी करून पाहिली तर खाली भोक नाही! म्हणजे पाणी घातलं की ते तळाशी साचणार, मुळं कुजणार. नाही घातलं तर वरून पानं करपणार. त्या झाडाने जगायचं कसं ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. दिवाळीत फराळाच्या निमित्ताने फोन झाले तेव्हा मी खोचकपणे प्रत्येकाला विचारलं. अकरा घरी विचारलं, दोन घरी झाड जिवंत होतं. त्यातलं एक माझं. (मी त्याच संध्याकाळी ते साध्या मातीच्या कुंडीत हलवलं होतं.)

‘देखभाल कमी’ हे नेच्याबद्दल म्हणणं म्हणजे तान्ह्या बाळाबद्दल ‘फारसा त्रास देत नाही’ असं म्हणण्यासारखं आहे. कधी कधी खरं असतं, पण त्या भरवशावर कुणी घराबाहेर पडू नये. हे झाड दमट, उष्ण प्रदेशातलं. आपल्या पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते. त्यात एसी लावलेली खोली, म्हणजे हवेत उरलेला ओलावाही यंत्राने काढून घेतलेला. मग लोक हौसेने फवारणीची बाटली आणतात आणि दिवसातून दोनदा फुसफुस करतात. पाच-दहा मिनिटांत ते पाणी उडून जातं आणि हवा होती तशी कोरडी. त्यापेक्षा न्हाणीघराच्या खिडकीत ठेवा, जिथे दोन बादल्या गरम पाण्याची वाफ रोज फुकट मिळते. जुन्या वाड्यांत मोरीच्या मागे नेचे कुणी लावत नसे, ते आपोआप यायचे. त्यांना जागा कळते, आपल्याला कळत नाही. आपल्याला सोफ्याशेजारचा कोपरा दिसतो फक्त.

आणि ते ‘हवा शुद्ध करणारं’... याचा उगम मी नातवाकडून शोधून घेतला. अमेरिकेच्या नासाने १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंतराळयानासारख्या बंद जागेत झाडांनी हवेतले काही विषारी वायू कमी होतात का, हे पाहायचं होतं. झाडं छोट्या बंद पेट्यांत ठेवली, आत वायू सोडला, काही तासांनी मोजला. वायू कमी झाला. त्याच पठडीतल्या पुढच्या प्रयोगांत बॉस्टन फर्नही चांगलं ठरलं. इथपर्यंत सगळं खरं. पण आपण काही पेटीत राहत नाही! घराला दारं आहेत, खिडक्या आहेत, फटी आहेत, हवा सतत येते-जाते. २०१९ साली अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी असे पुष्कळ जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. नेहमीच्या घरात हवा बदलते तेवढाच परिणाम झाडांनी साधायचा, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील म्हणे! आमचा हॉल बारा फूट बाय दहा फूट. म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. अगदी कमीत कमी धरली तरी ११० कुंड्या झाल्या. पाहुणे आले तर बसायचं कुठे? त्यापेक्षा खिडकी उघडावी, ती फुकट आहे.

यातली खरी गंमत मला नंतर कळली. घरात काचेच्या पेटीत नेचे वाढवायची पद्धत लंडनच्या एका डॉक्टरमुळे सुरू झाली, त्यांचं नाव नॅथॅनियल वॉर्ड. त्यांना नेच्यांची भारी हौस. पण लंडनमध्ये कोळशाचा धूर इतका, की त्यांनी बागेत लावलेले नेचे एकामागून एक मरून गेले. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून काचेच्या बरणीत बंद करून ठेवला होता. कोषाचं राहिलं बाजूला, बरणीत एक गवताचं पातं आणि एक इवलासा नेचा उगवला, आणि बाहेर मरणारा तो नेचा आत मजेत वाढला. त्यावरून वॉर्ड यांची पेटी निघाली. पुढे अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं जहाजाने आपल्याकडे आली, म्हणजे आपल्या चहाच्या कपाचंही त्या नेच्याशी नातं आहे. पण माझा मुद्दा तो नाही. माझा मुद्दा असा, की घाणेरड्या हवेत नेचे मरत होते म्हणून त्यांच्यासाठी काचेचं घर बांधावं लागलं. आणि आज त्याच नेच्याच्या गळ्यात ‘हवा शुद्ध करणारा’ अशी पाटी! खाणीतल्या पक्ष्याला पंखा समजावं, तसं झालं.

पण एवढं रागावून झाल्यावर प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं. ते बॉस्टन फर्न मेलं म्हणून कुठल्या जंगलाचं काही वाईट झालं नाही. ती जात १८९४ साली अमेरिकेत रोपांच्या एका खेपेत वेगळी दिसली म्हणून बाजूला काढली, तेव्हापासून माणसानेच वाढवलेली आहे. हल्ली तर प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन करून तिची हजारो रोपं होतात. तेव्हा ती खुशाल घ्या. मेलं तर पैसे गेले, आणि थोडं वाईट वाटलं, बस. तिथे माझी तक्रार फसवणुकीची आहे. भाऊजींच्या गोणपाटाची तक्रार वेगळी, आणि ती फार मोठी आहे.

आता मूळ मुद्दा. पण तो मांडायचा तर मला आधी माझंच एक पाप सांगायला हवं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरच्यांनाही नाही.

१९८६ सालची गोष्ट. सप्टेंबरात सहावीचा वर्ग घेऊन आम्ही सिंहगडावर गेलो होतो. सेहेचाळीस मुलं. पायवाटेच्या कडेला, दरडीच्या ओल्या भिंतीवर रुपेरी नेचे दाटून आले होते. वरून हिरवे, आणि पान उलटं केलं की खाली चांदीसारखी पांढरी पूड. हातावर ठेवून थाप मारली की कातडीवर पांढरी नक्षी उमटते, मेंदीसारखी. मी नवीनच नेच्यांच्या प्रेमात पडलेली. मी एका मुलाच्या हातावर पान छापून दाखवलं. मग काय विचारता! सेहेचाळीस मुलांनी दोन्ही हात, गाल, निळे सदरे, एकमेकांच्या पाठी सगळं छापून काढलं. आणि मी, बाई, वर म्हणाले, “प्रत्येकाने एकेक मुळासकट घ्या रे, वहीत चिकटवायला.” मला ते शिक्षण वाटत होतं. शाळेत शाबासकीही मिळाली, त्या वह्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या.

पुढे चार-पाच वर्षं आम्ही त्याच वाटेने वर्ग नेले. दुसऱ्या शाळांचेही येत, सहलीची माणसं येत. नेचे होते, नाही असं नाही. पण दरडीवर साधारण पाच फुटांच्या वर. जिथवर माणसाचा हात पोहोचतो तिथवर नुसती माती. जणू कुणी फूटपट्टीने रेघ मारून ठेवली होती. आता ते आमच्यामुळेच झालं, की मुळं सुटल्यामुळे पावसात माती घसरली, की आणखी कशाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती रेघ मी पाहिली आहे. तिची उंची आमच्या मुलांच्या आणि आमच्या हातांएवढीच होती.

नंतर वाचनात आलं, की हे सगळं दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात होऊन गेलं आहे. वॉर्ड यांच्या पेटीमुळे घरोघरी नेचे ठेवायचं वेड लागलं. चार्ल्स किंग्जली नावाच्या लेखकाने १८५५ साली त्या वेडाला नावही दिलं, ‘टेरिडोमेनिया’. भिंतीच्या कागदावर नेचे, कपबशांवर नेचे, थडग्यांवरसुद्धा नेचे. लोक सुट्टीत टोपल्या घेऊन दऱ्याखोऱ्यांत जायचे, विकणारे गाड्या भरून आणायचे. आयर्लंडमधला किलार्नी फर्न म्हणून एक अत्यंत नाजूक, धबधब्याच्या तुषारांत राहणारा नेचा, तो या हौशी लोकांनी इतका ओरबाडला की बऱ्याच ठिकाणांहून नाहीसाच झाला. त्यांतलं एकही माणूस दुष्ट नव्हतं हो. सगळे आमच्या भाऊजींसारखेच. आवड असलेले.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार आहात हे मला ठाऊक आहे, म्हणून तुम्ही काय म्हणाल तेही मीच लिहून टाकते. तुम्ही म्हणाल, “वहिनी, एवढं मोठं जंगल, त्यातलं एक झाड आणलं तर काय बिघडलं?” भाऊजी, आंबोलीच्या रस्त्यावर पावसाळ्यातल्या एका रविवारी किती गाड्या होत्या, हे तुम्हीच मला हात पसरून सांगितलंत. प्रत्येक डिकीत एक धरा. आणि जे रस्त्याच्या जवळ असतं तेच सगळ्यांच्या हाताला येतं, आत कुणी जात नाही. म्हणजे जंगल भले मोठं असेल, पण रस्त्याकडेची ती पाच फुटांची पट्टी लहानच आहे.

तुम्ही म्हणाल, “पण मी मारायला नाही, वाढवायला आणलं.” आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात पडतो सातशेच्या आसपास. तुमचा फ्लॅट पश्चिमेकडे तोंड करून, सातव्या मजल्यावर, आणि उन्हाळ्यात पाणी टँकरचं, जड, क्षारांचं. नेच्याच्या पानांच्या कडा त्याच पाण्याने जळतात. वाढवायला आणलंत हे खरं, पण कशात वाढवायचं?

आणि तुम्ही असंही म्हणाल (हे जाऊबाई म्हणतील खरं तर), “दसऱ्याला आपण ढिगाने झेंडू आणतो नि दुसऱ्या दिवशी टाकतो, तेव्हा नाही वाटत काही?” हा प्रश्न बिनतोड आहे, मी दोन दिवस त्यावर विचार केला. झेंडू कुणीतरी शेतात लावलेला असतो, तोडण्यासाठीच लावलेला असतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावणार असतो. आंबोलीचं बाशिंग कुणी लावलं होतं? तुमच्या माझ्यापैकी कुणी ते परत लावणार आहे का? अभयारण्याच्या हद्दीत तर झाड काढणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण कायद्याचं मी बोलत नाही. कायदा दाखवून माणसं माझ्या घरी चहाला यायची बंद होतील.

“मग नेचे लावायचेच नाहीत का?” तर लावा ना! माझ्या गॅलरीत सतरा कुंड्या आहेत. त्यातल्या तीन विकत घेतलेल्या, बाकीच्या कुणाच्या ना कुणाच्या घरच्या कुंडीतून फुटवा मागून आणलेल्या. आणि चार तर मी विटेवर उगवलेल्या! हे करून बघा, नातवंडांना घेऊन करा. नेच्याच्या पक्व पानाच्या मागे तपकिरी ठिपके असतात. (आमच्या शेजारच्या बाईंनी ते कीड समजून साबणाच्या बोळ्याने पुसून काढले होते, दुसऱ्या एकींनी औषध मारलं. ती कीड नव्हे, ते बीजाणू, त्याचं सगळं भविष्य.) असं पान पांढऱ्या कागदात दोन दिवस घडी करून ठेवायचं. कागदावर तपकिरी धूळ पडते. विटेचा तुकडा उकळत्या पाण्यातून काढून गार करायचा, खोलगट ताटलीत पाणी घालून त्यात ठेवायचा, त्यावर ती धूळ भुरभुरायची आणि वर काचेची बरणी उपडी घालायची. उन्हात नाही, उजेडात. मग विसरून जायचं. दीड-दोन महिन्यांनी विटेवर हिरवट लेप दिसतो, मग बदामाच्या आकाराच्या हिरव्या टिकल्या, नखाहून लहान. तो नेचा नव्हेच, नेच्याची मधली पिढी. तिच्यावर पाण्याचा थर असला तरच नर-पेशी पोहत जाऊन मीलन होतं, म्हणून ओलावा अजिबात तुटू द्यायचा नाही. चार-पाच महिन्यांनी त्या टिकलीतून पहिलं पान वर येतं, गोगलगाईच्या शंखासारखं गुंडाळलेलं. ज्या दिवशी माझ्या विटेवर ते आलं त्या दिवशी मी शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना फोन करून सांगितलं. त्यांना वाटलं, नातीला मुलगी झाली!

आणि फुकटचे हवे असतील तर आपल्या इमारतीच्या मागे जाऊन बघा. पाण्याच्या पाइपाला ओल येते तिथे, जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत, गटाराच्या कडेला एक लांब पात्यांचा नेचा हमखास असतो, शास्त्रीय नाव टेरिस व्हिटाटा. आमचा वॉचमन दर दिवाळीला तो ‘घाण’ म्हणून खरवडून टाकतो, आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसात विकतची कुंडी येते. बरं, या घाणीचा गुण असा, की ती जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवते. हे २००१ साली फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे शुद्ध करणारं झाड खरंच आहे, फक्त त्याला चिठ्ठी बांधलेली नाही.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

वाईला आमच्या सासरच्या वाड्यात विहीर होती. आतल्या दगडी भिंतीवर, पाण्याच्या वर दोन-तीन हात, हंसराज दाटलेला असायचा. काळेभोर, चकचकीत, तारेसारखे देठ आणि त्यावर अर्धचंद्रासारखी पोपटी पानं. पाण्याचा थेंब त्या पानावर ठरत नाही, मोत्यासारखा घरंगळतो. सासूबाई पाणी शेंदताना मुद्दाम चार थेंब उडवून दाखवायच्या. १९९८ साली वाडा पाडून इमारत उभी राहिली, विहीर भरून टाकली. भरायच्या आदल्या दिवशी आमचे ‘हे’ दोर बांधून आत उतरले आणि चिवड्याच्या डब्यात हंसराजाचा एक गड्डा घेऊन आले. (यालाही उपटणंच म्हणाल, तर म्हणा. दुसऱ्या दिवशी तिथे ट्रकभर राडारोडा पडला.) त्यातला अर्धा आम्ही ठेवला, अर्धा भाऊजींना दिला.

भाऊजींचा हंसराज पहिल्याच जानेवारीत ‘मेला’. सगळी पानं वाळली, म्हणून त्यांनी कुंडी रिकामी करून तीत गुलाब लावला. आमचाही वाळला होता. माझ्याही मनात टाकायचं आलं होतं. पण हे म्हणाले, राहू दे, कोपऱ्यात पडली आहे ती कुंडी. अधूनमधून भांडी धुतलेलं पाणी पडत होतं तेवढंच. आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर एक दिवस मातीतून तांबूस कोंब वर आला. तो मेला नव्हता, झोपला होता. पावसाळी झाड ते, कोरड्या महिन्यांत पानं टाकून मातीखाली निजतं. तेव्हापासून दर दिवाळीनंतर तो झोपतो आणि दर जूनमध्ये उठतो. हे गेले त्या वर्षीही उठला. त्याच्या पानाचं टोक मातीला टेकलं की तिथे नवं मूळ फुटतं, त्यामुळे एकाच्या आता पाच कुंड्या झाल्या आहेत.

भाऊजी, तुमच्या आईच्या विहिरीवरचं झाड तुमच्या घरात होतं. ते तुम्ही न विचारता टाकलंत आणि चौथ्या पिढीला दाखवायला आंबोलीहून परकं झाड ओरबाडून आणलंत. या रागाने मला झोप लागली नाही. बाशिंगाचा तुमचा तुकडा आणि माझा तुकडा मी एकत्र नारळाच्या सोडणांवर बांधला आहे. खालच्या मजल्यावरच्यांच्या आंब्याखाली सावलीत टांगलाय, जगला तर जगला. लेकीकडचाही मागवून घ्या. आणि इतक्यात ‘वाळकी’ पानं फुटली तर हात लावू नका म्हणावं.

हंसराजाची एक कुंडी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे. पूर्वेच्या खिडकीत ठेवा, पिण्याचं पाणी घाला. डिसेंबरात वाळेल तेव्हा मला फोन करा. येताना रिकामी कुंडी घेऊन या, माझ्याकडे जास्तीची नाही. खाली भोक असलेली.